लेथवर कातीव काम शिकायचंय, कोकणात राहून कसं जमवावं?

हर्णैचा_वारा

राम राम मंडळी. नोकरी संपवून दापोली तालुक्यातल्या आमच्या गावी कायमचा राहायला आलोय. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा आगरातले फणस, आंबे, माड धडाधड आडवे झाले. बरंचसं लाकूड वखारवाल्यानं उचललं, पण आंब्याचे आणि फणसाचे काही ओंडके गोठ्यामागे तसेच राहिलेत. चुलीत घालवत नाहीत.

लेथवर, म्हणजे लाकूड गरगर फिरवून कातायच्या यंत्रावर, लाटणी, वाडगे, देव्हाऱ्याचे खांब, नातवाला भोवरे असं काही करता यावं ही जुनी हौस. आयटीआयमध्ये चौकशीला गेलो तर 'टर्नर'चा अभ्यासक्रम पुढे केला, तो सगळा लोखंडाच्या लेथचा निघाला. गावातला सुतार म्हणतो, काका, खांब तयार मिळतात, कशाला डोक्याला ताप! व्हिडिओ बघावेत तर त्यातलं एक लाकूड आपल्याकडे मिळत नाही आणि मशीनची किंमत ऐकून घाम फुटतो.

तर मशीन कुठलं घ्यावं, हत्यारं कोणती लागतात, माझे ओंडके चालतील का, आणि हे काम कोणी समोर उभं करून शिकवतं का? बजेट मध्यम आहे, वेळ मुबलक.

रंधा_पटाशी

काका, मी चिपळूणचा, फर्निचरवाला. आधी ओंडक्यांचं सांगतो. आंब्यावर फुली मारा. मातीला टेकून उघड्यावर पडलेला आंबा आपल्या पावसात टिकत नाही. आधी काळा-निळा डाग धरतो, मग भुंगा, मग वाळवी. कुऱ्हाडीचा एक घाव घालून बघा, पीठ उडालं तर विषय संपला.

फणसाचं निराळं आहे. बाहेरचं पांढरं लाकूड पोखरलेलं असेल, पण आतला पिवळा गाभा धड असण्याची दाट शक्यता. तो दोन्ही टोकांनी थोडा कापून भेगा कुठवर गेल्यात ते बघा. ताजा कातलेला फणस पिवळाधमक दिसतो, पण उजेडात राहिला की हळूहळू तपकिरीकडे झुकतो. गिऱ्हाईक म्हणतं रंग उडाला. उडालेला नसतो, तो त्याचा स्वभावच आहे.

आणि पुढच्या वेळी झाड तोडायची पाळी आली तर आधी परवानगीचं बघा. महाराष्ट्राचा १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा आहे, त्याच्या यादीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग, खैर, ऐन, किंजळ सगळे येतात. झाड आपल्या परड्यातलं असलं तरी. लोकांना वाटतं सागापुरतंच आहे.

उद्यमनगरी

मशीनबद्दल माझे दोन पैसे. कोल्हापुरात असतो, रोजचा संबंध लोखंडाशी, लाकडाशी फक्त रविवारी.

छोटा टेबलावरचा लेथ लाटणी-भोवऱ्यांना पुरतो. वाडग्यांची हौस असेल तर मात्र वजन बघून घ्या. ओबडधोबड ओंडका फिरायला लागला की हलकं मशीन चालायला लागतं, अक्षरशः जमिनीवर सरकत जातं. जुना बिडाचा बेड (मशीनचा खालचा जड पाया) कुठे मिळाला तर सोडू नका. कोल्हापूरच्या उद्यमनगरात हेडस्टॉक (काम फिरवणारं डोकं) आणि टेलस्टॉक (समोरून काम धरणारा भाग) बनवून देणारे भेटतात, पण काम देताना दोन गोष्टी पक्क्या करा. एक, टेलस्टॉकमध्ये मोर्स टेपर नंबर २ (ठरलेल्या मापाचं निमुळतं भोक) हवा, म्हणजे बाजारातला त्या मापाचा कुठलाही लाइव्ह सेंटर (कामाबरोबर फिरणारं टेकूचं टोक) बसतो. दुसरं, स्पिंडलचे (हेडस्टॉकमधल्या फिरत्या दांड्याचे) आटे. एम ३३ बाय ३.५ किंवा १ इंच ८ आटे, यांतले कुठलेही ठेवा, पण ठरलेल्या मापाचे ठेवा. कारागिराने मनाचे आटे पाडले की चार जबड्यांचा चक (काम पकडणारा पंजा) जन्मात बसत नाही.

मोटर वाडग्यांसाठी १ एचपीची घ्या. साधी १४४० फेऱ्यांची मोटर, तिच्यावर २ इंची पुली आणि स्पिंडलवर ४ इंची, म्हणजे स्पिंडल ७२० वर फिरतो. तीन पायऱ्यांची पुली लावली की तीन वेग मिळाले. परवडत असेल तर थ्री फेज मोटर आणि ड्राइव्ह. ड्राइव्ह घरच्या सिंगल फेजवर चालतो आणि वेग बटणावर येतो. गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं, तेव्हा साधी मोटर नुसती गुरगुरत बसते आणि तापते. मोठं काम सकाळी उरका.

पोफळीची_सावली

नमस्कार काका. मी गुहागरची, हौशीच आहे, पण बरीच वर्षं यात आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते. लोक मशीनवर महिनोन् महिने चर्चा करतात आणि धार लावायचं साधन शेवटी, पैसे उरले तर घेतात. माझं मत स्पष्ट आहे: आधी ग्राइंडर, मग लेथ.

लेथवरचं लाकूड एका मिनिटात हत्याराखालून इतकं धावतं की पटाशीची धार बघता बघता जाते. फणसाला चीक, माडाच्या लाकडात वाळूसारखी सिलिका, त्यामुळे आपल्याकडे तर जास्तच. वाडगा करताना मधेच पाच-सहा वेळा ग्राइंडरकडे वळावं लागतं आणि ते नॉर्मल आहे. १४४० फेऱ्यांचा सावकाश ग्राइंडर घ्या, २८०० वाला नको. सोबत येणारा करडा दगड काढून पांढरा ॲल्युमिनियम ऑक्साइडचा, ८० ग्रिटचा बसवा. कोन दर वेळी तोच राहायला हवा, म्हणून साधी लाकडी खाच करून तिच्यात हत्याराचं बूड टेकवायचं.

सुरुवातीला चारच हत्यारं पुरतात: रफिंग गाऊज (ओबडधोबड लाकूड गोल करायची पन्हळी पटाशी), स्पिंडल गाऊज (मणी-पन्हळ काढायची बारीक पन्हळी पटाशी), पार्टिंग टूल (खाच पाडायचं अरुंद हत्यार) आणि स्क्यू (तिरप्या धारेची सपाट पटाशी). वाडग्याकडे वळाल तेव्हा बोल गाऊज (वाडगा कोरायची पन्हळी पटाशी). इथे एक धोक्याची गोष्ट. रफिंग गाऊज रुंद आणि दणकट दिसतो म्हणून लोक त्यानंच वाडगा उघडायला जातात. त्याची मुठीत जाणारी शेपटी बारीक, चपटी असते. वाडग्यात दर अर्ध्या फेरीला उभा रेषा (लाकडाचा तंतू) समोर येतो, तो धक्का त्या शेपटीला सोसत नाही, मोडते. तो फक्त दोन सेंटरमध्ये धरलेल्या लांब लाकडासाठी.

आता हातातलं. हत्यार आधी टूल रेस्टवर (हत्याराच्या टेकूवर) टेकायचं, मग लाकडावर. लाकडावर टेकताना धार नाही, धारेमागची उतरण टेकवायची. लाकूड नुसतं उतरणीवर घासतंय, काही कापलं जात नाहीये, अशा स्थितीत थांबायचं. मग मूठ हळू वर उचलायची. कुठल्याशा क्षणी बारीक भुगा यायला लागतो, आणखी किंचित वर गेलं की भुग्याची सलग साल होते आणि आवाज बदलतो, खरखर जाऊन सळसळ येते. तिथे थांबा. तोच कोन. उतरणीचा आधार सुटला आणि उघडी धार लाकडात शिरली की हत्यार हिसडा मारतं, काम चकमधून निसटूही शकतं. डोळ्यांपेक्षा कानांनी लवकर कळतं हे.

सराव बाभळीच्या किंवा सुरूच्या फांदीवर करा. वीतभर तुकडा, दोन्ही टोकांना एकमेकांना छेदणारे दोन व्यास आखून मध्य काढायचा, ड्राइव्ह सेंटरच्या (काम फिरवणाऱ्या दातेरी टोकाच्या) बाजूला करवतीची खाच मारायची म्हणजे दात पकडतात. गोल करून घ्या, मग पेन्सिलनं अर्ध्या-अर्ध्या इंचावर रेषा. एक मणी, एक पन्हळ, एक मणी, एक पन्हळ. संपलं की सगळं सपाट करून पुन्हा. नेहमी जाडीकडून बारीककडे कापायचं, उतारावर. चढावर गेलात की रेषे उचकटतात. वाडग्यात हे उलटं होतं: बाहेरून बुडाकडून काठाकडे, आतून काठाकडून मध्याकडे. कारण रेषा आडवा असतो, आणि कापल्या जाणाऱ्या रेषाला मागच्या लाकडाचा आधार मिळायला हवा.

वेगाचं गणित: व्यास इंचात गुणिले फेऱ्या, हा गुणाकार ६००० ते ९००० मध्ये ठेवायचा. १० इंची वाडगा म्हणजे ६०० ते ९००. ओंडका तोललेला नसेल तर त्याच्याही खाली. २ इंची लाटण्याला हिशोबानं ३००० येतात, पण शिकताना १५०० पुरे.

आणि हातमोजे घालू नका. लोकांना वाटतं त्यानं बोटं वाचतात. मोज्याचा धागा अडकला की अख्खा हात जातो. ओढणी, उपरणं, गळ्यातलं, सैल बाही सगळं बाहेर ठेवा. चेहऱ्यावर पूर्ण शील्ड घ्या, चष्मा पुरत नाही. बटण दाबण्याआधी काम हातानं एक फेरी फिरवून बघा आणि चालू करताना त्याच्या रेषेत उभं राहू नका. पॉलिश पेपर मारताना टूल रेस्ट काढून ठेवा.

कातळशिल्प७७

ताई, जबरदस्त. वाचनखूण साठवली.

चितारआळीकर

सावंतवाडीसून लिवतंय. ताईंचा खरा हा, पण एक सांगू काय? ह्या गाऊज-बिऊज येवच्या आधीपासून आमच्याकडे काम चलता. जुनी माणसा दोरीन फिरवूची, एक जण दोरी ओढी, दुसरो काती. हत्यारां लोहाराकडसून करून घेतलेली. त्येंच्या पळ्या, वाट्या, बाहुल्ये बघून कोण म्हणात की हत्यार चुकीचा होता?

(बाकीचं प्रमाण मराठीत लिहितो, नाहीतर घाटावरची मंडळी रागावतील.)

आमच्या घरात खरवडूनच काम होतं, म्हणजे तुम्ही ज्याला स्क्रेपर म्हणता तसं. धार जरा खाली झुकलेली, सपाट धरायची. पांगारा, काळा कुडा अशा मऊ, बारीक पोताच्या लाकडावर खरवडलेलं चांगलं गुळगुळीत येतं. चन्नपट्टणला खेळण्यांना जे पांढरं लाकूड वापरतात तेही काळ्या कुड्याचंच. गाऊजचा हट्ट धरला की माणूस पहिलं वर्ष घाबरण्यात घालवतो. स्क्रेपरनं पहिल्याच आठवड्यात भोवरा तयार होतो, उत्साह टिकतो.

पोफळीची_सावली

दादा, मऊ बारीक पोताच्या लाकडावर तुमचं शंभर टक्के मान्य. फणस-आंब्यासारख्या आडव्यातिडव्या रेषाच्या लाकडावर स्क्रेपर रेषे उपटतो, मग ८० नंबरच्या पेपरनं तासभर घासत बसावं लागतं आणि तो सगळा भुगा छातीत. काकांकडे फणस आहे, म्हणून गाऊज म्हटलं. शेवटचा अगदी हलका हात स्क्रेपरचा मीही मारतेच.

रंधा_पटाशी

हत्यारांवरून आठवलं. गावोगाव जुन्या कानशीला धार लावून स्क्रेपर करतात. फुकटात होतं म्हणून काकांनाही कोणीतरी सुचवेलच. नका करू. कानस कडक असते पण ठिसूळ, हिसडा बसला की काचेसारखी तुकडे होऊन उडते. लोहाराकडून करून घ्यायचंच असेल तर ट्रकच्या पाट्याचं लोखंड द्या. त्यात कडकपणाबरोबर चिवटपणा असतो.

चितारआळीकर

ह्याच्यावर माझी सही. आमचीही पाट्याचीच आहेत. पाणी पाजल्यावर पुन्हा तापवून टोकाला गवती पिवळा रंग आला की थांबवायचं. निळ्यावर गेलं तर धार टिकत नाही. एचएसएसला (बाजारातल्या हाय स्पीड स्टीलच्या हत्यारांना) ह्या निळ्याची एवढी भीती नसते, पण आमच्या हत्यारांना ग्राइंडरवर सारखं पाण्यात बुडवावं लागतं.

हर्णैचा_वारा

सगळ्यांचे मनापासून आभार. मशीन कोल्हापूरहून आलं, उद्यमनगरींनी सांगितलेले आटे पाडून घेतले. रंधा_पटाशी, तुमचं निदान तंतोतंत. आंब्यात पीठ, फणसाचा गाभा ठणठणीत. मणी-पन्हळ चालू आहे. सौ. म्हणतात, एवढ्या फांद्यांत निदान एक लाटणं तरी निघू दे.

आता नवा प्रश्न. शेजाऱ्यांच्या आंब्याची मोठी फांदी मोडून पडली, ती ताजी होती. तिचा वाडगा केला. ओलं लाकूड कातायला काय मजा येते, लांबच लांब साली निघतात! पण सकाळी बघतो तर वाडगा लंबगोल झालाय, काठाला एक बारीक चीर. हे टाळता येतं का?

पोफळीची_सावली

टाळता येत नाही, आधीच धरून चालायचं असतं. लाकूड वाळताना वर्तुळांच्या दिशेनं जास्त आकसतं, मध्याकडच्या दिशेनं कमी, आणि लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणून गोल वाडगा लंबगोल होतो.

ओला वाडगा दोनदा कातायचा. पहिल्यांदा जाड ठेवायचा, व्यासाचा दहावा हिस्सा. १० इंची वाडग्याला १ इंच जाडी. ओंडक्याचा मध्यबिंदू वाडग्यात येऊ द्यायचा नाही, चिरा तिथूनच सुरू होतात. मग जिथे आडवे छेद उघडे आहेत तिथे आणि काठाला मेण फासायचं, मेणबत्त्या वितळवून चालतात. खाकी पिशवीत घालून सावलीत ठेवायचा. दर आठवड्याला वजन करून पिशवीवर लिहीत जा. वजन उतरायचं थांबलं की दुसऱ्यांदा चढवून गोल करायचा.

आता कोकणातली अडचण. पावसाळ्यात हवेत ९० टक्के दमटपणा असला तर लाकूड कितीही थांबलात तरी साधारण २० टक्के ओलाव्यावरच अडकतं. वजन स्थिर झालं म्हणून तुम्ही ऑगस्टमध्ये बारीक कातलात आणि मुलानं तो पुण्याला नेला, तर तिकडच्या कोरड्या हवेत पुन्हा वाकडा होणार. मी पावसाळ्यात फक्त जाड कातून ठेवते आणि बारीक काम दिवाळीनंतर घेते. पावसात आंब्याला बुरशीही लवकर धरते, त्यामुळे पिशवी कपाटात कोंबू नका, वारा लागेल अशी टांगा. बेडला आणि हत्यारांना तेलाचा हात फिरवत राहा, खाऱ्या हवेत एका रात्रीत तांबेरा चढतो.

आंबा आणि काजू बिब्ब्याच्याच कुळातले. काहींना त्यांच्या भुग्यानं, चिकानं अंगावर खाज उठते. मनगटावर पुरळ आलं तर दुर्लक्ष करू नका.

कातळशिल्प७७

वाडग्याला शेवटी खोबरेल लावलं तर? घरचं आहे, शुद्ध आहे.

रंधा_पटाशी

खोबरेल वाळत नाही. लाकडात ओलंच राहतं, धूळ धरतं आणि काही महिन्यांत खवट वास मारतं. जवसाचं तेल वाळतं, हवेतला ऑक्सिजन घेऊन कडक होतं. खाण्याच्या भांड्याला घाण्याचं कच्चं तेल वापरा, वाळायला वेळ लागतो पण हरकत नाही. हार्डवेअरच्या दुकानातलं 'बॉइल्ड' नको, त्यात लवकर वाळावं म्हणून धातूंचे क्षार घातलेले असतात. आणि तेल पुसलेली चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना तापतं, बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून फेका. आमच्या धंद्यात हे प्रत्येक पोऱ्याला पहिल्या दिवशी सांगतात.

हर्णैचा_वारा

आणि भोवऱ्यांना तो लाल-पिवळा चकचकीत रंग? चितारआळीकर, ते तुमच्याकडूनच ऐकायचंय.

चितारआळीकर

ती लाख. पण एक आधी सांगतो: सावंतवाडीच्या दुकानात जी लाकडी फळं दिसतात ती रंगवलेली असतात, ब्रशनं. लाखेचं काम वेगळं, ते लेथवरच होतं.

लाख वितळवून तिच्यात रंग मळतात आणि कांड्या वळतात. काम लेथवर फिरतं ठेवायचं आणि कांडी त्याच्यावर दाबायची. घर्षणानं लाख वितळते आणि लाकडावर पट्ट्यापट्ट्यानं चढते. ब्रश नाही, पाणी नाही, वाळायची वाट बघणं नाही. मग केवड्याचं सुकं पान घडी करून दाबून फिरवायचं. त्या उष्णतेनं लाख पसरते, पट्टे एकमेकांत मिसळतात आणि चकाकी येते. दाब कमी पडला तर लाख दाणेदार राहते, जास्त पडला तर जळून काळपट होते. दोन रंगांच्या मधली रेघ सरळ हवी असेल तर आधी पार्टिंग टूलनं केसभर खाच पाडून ठेवा, रंग तिथेच थांबतो.

लाकूड पूर्ण वाळलेलं हवं. ओल्या लाकडावरची लाख पुढे पोपडे होऊन सुटते. तुमच्या फणसाच्या गाभ्यावर बसेल, पण इतका सुंदर पिवळा लाखेखाली झाकणार कशाला? भोवऱ्याला कुडा शोधा.

आणि वाचून लाख येत नाही. हात धरूनच शिकवावी लागते. माका वाटता तुमी सरळ हयच येवा. मोती तलावाकडे उतरलास की चितारआळी खंय ती कोणाकय विचारा. एक दिवस माझ्या बाजूक उभे रवा, दोन कांड्ये हातात देतंय. जमला तर राजवाड्यात गंजिफा (गोल पत्ते) रंगवतत ती पण बघून घेवा.

हर्णैचा_वारा

येतोच. पुढच्या महिन्यात आलो तर चालेल?

चितारआळीकर

पुढच्या म्हयन्यात चवथ हा. तेव्हा येव नकात, गणपती रंगवताना आमका जेवूक पण फुरसत नसता. अनंत चतुर्दशी झाली की येवा, आणि येताना तुमचो तो फणसाचो एक तुकडो घेवन येवा. माका बघूचो हा.